साडेचार चौरस किलोमीटर वाळू आणि दहा हजार माणसं : मिनिकॉय नेमकं कशावर उभं आहे?

तुमचा प्रश्न असा : लक्षद्वीपमधलं मिनिकॉय जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं, सगळं वाळूचं, समुद्रापासून दोन-तीन मीटरच वर. नदी नाही, डोंगर नाही, भाताचं शेत नाही. तरी २०११च्या जनगणनेत तिथे १०,४४७ माणसं होती. ही माणसं इतकी शतकं कशाच्या जोरावर राहिली, आणि समुद्र वर येतोय तर बेट कधी बुडणार? शिवाय भूगोलाच्या प्रकल्पासाठी पुढच्या हिवाळ्यात जायचं आहे, तर तिथे काय मोजता येईल, असंही तुम्ही विचारलंय.

भूगोल, इतिहास, अर्थकारण अशा तीन कप्प्यांत तुम्ही प्रश्न मांडलात. अशा बेटांवरचं भूजल आणि किनारे हे माझं काम. त्या कामात हे कप्पे फार वेळ वेगळे राहत नाहीत. विहिरीचं पाणी मचूळ का झालं हे शोधायला निघालं की वाट प्रवाळभिंतीपर्यंत जाते. यंदा ट्यूना कमी का आला हे विचारलं तरी तिथेच. ‘बुडणार कधी’ याचं एका तारखेचं उत्तर कुणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. बेटाचा कुठला भाग, तिथली रुंदी किती, समोरची भिंत जिवंत आहे की मेलेली, यावर उत्तर बदलतं. पण जमीन पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी पिण्याचं पाणी जाऊ शकतं, हे मी ठामपणे सांगू शकतो. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा पाण्याला दिली आहे.

आधी पाया. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थळावरून (जिथे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो ती जागा) वर आला, त्याच्यावरून भारताची भूपट्टी उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी पाण्याखालची रांग उरली, ही आजची सर्वसाधारण मान्य मांडणी. ते ज्वालामुखीचे डोंगर हळूहळू खचले आणि त्यांच्या कडांवर प्रवाळ वर वर वाढत राहिला. १८४२मध्ये डार्विनने कंकणद्वीपांबद्दल, म्हणजे प्रवाळाच्या कड्यासारख्या बेटांबद्दल, हेच मांडलं होतं. मिनिकॉय असं एक कंकण आहे. त्याच्या पूर्व-आग्नेय कडेला चंद्रकोरीसारखी जमीन, सुमारे दहा किलोमीटर लांब आणि रुंद असेल तिथे किलोमीटरभर. पश्चिमेला तीस चौरस किलोमीटरचं उथळ लगून, म्हणजे आत अडलेलं शांत समुद्राचं पाणी, आणि त्याच्या पलीकडे लाटा फोडणारी प्रवाळाची भिंत.

जमीन पूर्वेलाच का, हे नकाशावर पाहून बरेच जण विचारतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा पश्चिमेच्या भिंतीवर आदळतात, प्रवाळाचा चुरा करतात आणि तो लगूनमधून पूर्वेकडे ढकलतात. शांत बाजूला तो साठतो आणि तिथे बेट होतं. लक्षद्वीपमधली बहुतेक वस्तीची बेटं अशीच आपापल्या लगूनच्या पूर्वेला आहेत. आंद्रोत मात्र पूर्व-पश्चिम पसरलंय आणि त्याला लगूनच नाही. त्यामुळे मिनिकॉयला दोन अगदी वेगळे किनारे मिळाले आहेत. लगूनकडची पुळण बारीक, पांढरी, चालताना पाय रुतेल अशी. बाहेरच्या बाजूला प्रवाळाचे गोटे, तुकडे आणि त्यांचा उंच बांध. बेटाचा सगळ्यात उंच भाग बऱ्याचदा हा बाहेरचा बांधच असतो, मधला भाग नाही. पाणी कुठून चढेल याचा अंदाज बांधताना हे लक्षात ठेवावं लागतं.

ही वाळू आपल्या कोकणातल्यासारखी नाही. नदीने आणलेला एक कण त्यात नाही. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका, फसफसेल, कारण ती जवळजवळ सगळी चुनखडी आहे. भिंगाखाली पाहिली तर प्रवाळाचे तुकडे, हॅलिमेडा नावाच्या शेवाळाच्या चकत्या, शिंपल्यांचा भुगा आणि फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं वेगवेगळी ओळखता येतात. बरीचशी वाळू पोपटमाशाच्या पोटातून आलेली असते. शेवाळ खाताना तो प्रवाळाचा खडकही खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागे वाळू सोडतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटावर २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाळूच्या आकाराचा ८५ टक्क्यांहून अधिक गाळ पोपटमाशांमुळे तयार होतो असं दिसलं. मिनिकॉयचं प्रमाण वेगळं असू शकेल, पण जात तीच. म्हणजे बेटाची वाळू दरवर्षी नव्याने तयार होते, दरवर्षी थोडी खोल समुद्रात घसरून कायमची जाते, आणि बेट या दोन्हींमधल्या फरकावर टिकतं.

आता पाणी. एवढ्या वाळूत खारं पाणी आत शिरत नाही का? शिरतं. बेटाच्या खाली सगळीकडे समुद्रच आहे. पण पावसाचं गोडं पाणी हलकं असतं (घनता १.०००, समुद्राची १.०२५), म्हणून ते वाळूच्या छिद्रांमध्ये खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. मध्ये जाड आणि काठांना पातळ अशा या थराला आम्ही भिंग म्हणतो. घनतेच्या या फरकामुळे नियम असा येतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा जेवढी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी असावं. बेटाच्या मध्यावर पातळी २५ सेंटिमीटर वर असेल तर हिशोबाने दहा मीटर. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, त्याची दोन कारणं. एक, गोडं आणि खारं यांच्यात धारदार सीमा नसून भरती-ओहोटीने घुसळलेला मचूळ पट्टा असतो. दुसरं, वरच्या काही हजार वर्षांतल्या वाळूखाली हिमयुगापूर्वीचा जुना चुनखडक आहे. तो भेगांनी, पोकळ्यांनी भरलेला, पाणी वाळूपेक्षा कैक पटींनी वेगाने वाहू देणारा. भिंग तिथपर्यंत पोचलं की खालून चट्कन खारं मिसळतं. म्हणून वापरण्याजोगं पाणी अनेकदा काही मीटरच निघतं.

कागदावर मात्र पाणी भरपूर दिसतं. वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस आणि ४.४ चौरस किलोमीटर जमीन धरली तर सत्तर लाख घनमीटर पडतो. झाडं आणि बाष्पीभवन वजा जाता एक तृतीयांश मुरला असं धरा, तेवीस लाख घनमीटर. दहा हजार माणसांना रोजी शंभर लिटर दिलं तर वर्षाला पावणेचार लाखांच्या आत. सहावा हिस्सासुद्धा नाही. मग अडचण कुठे येते?

तीन ठिकाणी. पहिली रुंदीची. भिंगाची जाडी बेटाच्या रुंदीवर अवलंबून असते. किलोमीटरभर रुंद भागात ते चांगलं जमतं, पण चंद्रकोरीच्या निमुळत्या टोकांना दोन्ही बाजूंनी समुद्र इतका जवळ येतो की मुरलेलं पाणी आठवड्यांत निघून जातं. तेवीस लाख घनमीटर सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत. दुसरी काळाची. जानेवारी ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतो, पण माड पाणी पीतच राहतात. मोठा माड दिवसाला शंभर लिटरच्या आसपास घेऊ शकतो, आणि त्याची मुळं थेट भिंगातून ओढतात. तिसरी आणि सगळ्यात मोठी, उपसा करण्याच्या पद्धतीची.

ही तिसरी अडचण नीट समजून घ्या, कारण माणसाच्या हातात असलेली तीच आहे. बादलीने शेंदलं की विहिरीची पातळी एक-दोन सेंटिमीटर उतरते आणि लगेच भरून येते. त्याच उथळ विहिरीवर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप लावून टाकी भरेपर्यंत चालवला आणि पातळी पाच सेंटिमीटर खाली आली, तर वरच्याच चाळीसपटीच्या नियमाने खालचं खारं पाणी त्या विहिरीखाली दोन मीटरपर्यंत वर चढू पाहतं. पंप बंद केल्यावर गोड्याची पातळी तासाभरात सावरते, पण चढलेला खारा उंचवटा पसरून परत बसायला खूप वेळ लागतो. तेवढ्यात दुसऱ्या दिवशीचा पंप सुरू होतो. काही महिन्यांत विहीर मचूळ होते आणि घरमालक ती आणखी खोल खणतो, म्हणजे नेमकं उलट करतो. अशा बेटावर विहीर खोल नेणं म्हणजे खाऱ्याच्या दिशेने जाणं. तळ सरासरी समुद्रपातळीच्या जेमतेम अर्धा मीटर खाली राहिला तर पुरे. सार्वजनिक उपशासाठी एका विहिरीऐवजी भोकं पाडलेले आडवे पाइप, सरासरी समुद्रपातळीलगत, शंभरेक मीटर लांबीत पुरायचे आणि सगळ्यांतून थोडं थोडं पाणी एका हौदात गोळा करायचं. पाणी तेवढंच निघतं, पण पातळी कुठेही पाच सेंटिमीटर उतरत नाही.

सांडपाणी हे याच्याच शेजारचं दुखणं. वाळू पाणी गाळते खरी, पण तिच्यातून ते इतकं भरभर जातं की जंतू मरायला वेळच मिळत नाही. शौचखड्डा आणि विहीर यांत किमान पंधरा मीटर अंतर असावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. दाटीच्या वस्तीत ते सापडत नाही. खारटपणा जिभेला कळतो, नायट्रेट आणि जंतू कळत नाहीत. म्हणून ‘चव गोड आहे’ एवढ्यावर कुठलंही पाणी पिण्याजोगं ठरवू नये.

यावर सर्वांत स्वस्त उत्तर छपरावर आहे. शंभर चौरस मीटर छप्पर, १,६०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के गळती सोडली तरी वर्षाला सव्वा लाख लिटर. फक्त पिणं आणि स्वयंपाक धरला तर पाच माणसांना रोजी दहा-दहा लिटर, दीडशे कोरडे दिवस, म्हणजे साडेसात हजार लिटर. दहा हजार लिटरची झाकलेली टाकी पुरते. पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडायची सोय आणि पन्हाळीला जाळी, एवढं पाळायचं. जिथे हे फसतं तिथे बहुतेक वेळा टाकीचं झाकण उघडं असतं, किंवा पन्हाळी वर्षभर साफ केलेली नसते.

दुसरं उत्तर चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने दिलं. कवरत्तीला २००५मध्ये आणि मिनिकॉय व अगत्तीला २०११मध्ये रोज एक लाख लिटरचे प्रकल्प सुरू झाले. पृष्ठभागाचं समुद्राचं पाणी साधारण २८ अंशांचं. ते हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की कमी दाबामुळे त्यातलं शेकडा एक-दीड भाग पाणी वाफ होतं. ही वाफ थंड करायला सुमारे ३५० मीटर खोलीवरचं बारा-तेरा अंशांचं पाणी पाइपने वर आणतात. हे जमतं त्याचं कारण पुन्हा भूगोल. बेट डोंगराच्या माथ्यावर असल्याने किनाऱ्यापासून काही शे मीटरवरच समुद्र एवढा खोल होतो. मुंबईसमोर एवढ्या खोलीसाठी शेकडो किलोमीटर आत जावं लागेल. एक लाख लिटर म्हणजे माणशी दहा लिटर. पिण्याचा प्रश्न सुटतो, आंघोळ-धुण्याचा नाही, म्हणून विहिरी सोडून चालत नाही. आणि सगळं त्या एका पाइपवर आणि पंपांच्या विजेवर उभं आहे. पावसाळ्यात फेसाळ लाटांच्या पट्ट्यातून जाणारा पाइप हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग.

थोडक्यात इथवरचं : भिंत वाळू बनवते, वाळू पावसाचं पाणी धरते, आणि बेटाची रुंदी टिकली तरच पाणी टिकतं. आता पोट कशावर भरतं ते पाहू. तेही त्याच भिंतीवर येऊन थांबतं.

मिनिकॉयची खरी शेती समुद्रात आहे. इथे स्किपजॅक ट्यूना, आपल्या कुप्याच्या कुळातला मासा, जाळ्याने नाही, बांबूच्या काठीला लावलेल्या गळाने धरतात. पहाटे आधी लगूनमध्ये जिवंत आमिष धरायचं. प्रवाळाच्या झुडपांजवळ चौकोनी जाळं खाली सोडतात, वर कुस्करलेला मासा टाकून चिमुकल्या माशांना बोलावतात आणि जाळं उचलतात. हे मासे नावेच्या पोटातल्या हौदात जातात. हौदाच्या तळाला भोकं असतात, त्यांतून समुद्राचं ताजं पाणी सतत आत-बाहेर होतं. मग भिंतीबाहेर जायचं आणि पक्ष्यांचे थवे शोधायचे. पक्षी दिसले की खाली ट्यूना असतो; मग मूठमूठ आमिष फेकायचं आणि नावेच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे मारायचे. खळबळलेल्या पाण्यात ट्यूनाला बारीक माशांचा थवाच उसळतोय असं वाटतं आणि तो चकाकणाऱ्या नुसत्या गळावर झेपावतो. गळाला उलटा काटा नसतो. काठीला हिसका दिला की मासा डोक्यावरून नावेत पडतो आणि गळ आपोआप सुटतो, की पुन्हा पाण्यात. ट्यूनाचा थवा जमून राहतो तो थोडाच वेळ, आणि तेवढ्या वेळात दिवसाची कमाई होते.

हे बिघडतं ते बहुतेक वेळा आमिषापाशी. हौदात दाटी झाली किंवा पाणी खेळेनासं झालं की आमिष मरतं, आणि मेलेलं फेकून थवा थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे आमिष मिळतच नाही. आमिषाच्या काही जाती वाळूच्या उथळ भागात राहतात, पण बऱ्याचशा फांद्यांच्या प्रवाळात दडून वाढतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापून प्रवाळ पांढरा पडला, २०२४मध्येही तेच झालं. फांद्यांचा प्रवाळ उष्णतेला सगळ्यात आधी बळी पडतो. १९९८पासूनच्या दोन दशकांहून जास्त काळाच्या नोंदींत लक्षद्वीपच्या अभ्यासलेल्या भिंतींवरचं जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्याने घटलेलं आहे. बाहेर ट्यूना भरपूर असूनही आमिषाअभावी नावा किनाऱ्यावर राहू शकतात. प्रवाळाचं नुकसान म्हणजे पर्यटकांचं नुकसान, असं समजणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

धरलेल्या माशाचं मासमीन होतं, आणि पूर्वी बेटाला रोख पैसा देणारी वस्तू म्हणजे हेच. डोकं, आतडी, पर काढून मासा लांबीत चार फाकांत चिरतात, काटा काढतात. मिठाच्या पाण्यात तासाभर उकळतात, निववतात, नारळाच्या सोडणांची धुरी देतात आणि मग आठवडाभर उन्हात वाळवतात. चार-पाच किलो ताज्या माशाचं एक किलो मासमीन. चांगलं मासमीन लाकडासारखं कडक असतं आणि ठोकलं तर टणक आवाज येतो. खराब होण्याची कारणं ठरलेली आहेत : मासा उकळण्याआधी उन्हात पडून राहिला, तर त्यात हिस्टॅमिन तयार होतं आणि ते पुढे कितीही उकळलं तरी जात नाही, खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठतं. वाळवताना पाऊस आला तर बुरशी धरते. किनाऱ्यावर उघड्यावर वाळवलं तर वाळू चिकटते आणि भाव पडतो. उकळलेलं पाणी टाकून देत नाहीत, ते आटवून दाट, गडद रिहाकुरू करतात. मासमीन फार पूर्वीपासून श्रीलंकेकडे जातं. १९६९मध्ये इथे ट्यूना डबाबंद करण्याचा सरकारी कारखानाही आला.

आता इतिहास, आणि तो मी मुद्दाम इथे आणतोय, कारण तो तांदळापासून सुरू होतो. बेटावर नारळ होतो, काथ्या होतो, मासा मिळतो. तांदूळ होत नाही. ज्याच्या हातात तांदूळ त्याच्या हातात बेट. कण्णूरच्या अरक्कल राजघराण्याने लक्षद्वीपवर सत्ता चालवली ती मुख्यतः अशी. काथ्या राजालाच विकायचा, त्याने ठरवलेल्या भावाने, आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. या मक्तेदारीला कंटाळून उत्तरेकडची अमिनदिवी बेटं १७८७मध्ये टिपू सुलतानाकडे गेली, आणि १७९९मध्ये टिपू पडल्यावर ती इंग्रजांकडे आली. दक्षिणेकडची बेटं राजाकडेच राहिली. १८४७च्या एप्रिलमध्ये आंद्रोत आणि कल्पेनीवर भयंकर वादळ आलं. कल्पेनीच्या पूर्व-आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा जो प्रचंड बांध आहे तो त्याच वादळाने रचला असं मानतात. पुनर्वसनाचा खर्च, ईस्ट इंडिया कंपनीचं कर्ज आणि थकलेलं देणं यांत बेटांचा कारभार राजाच्या हातून सुटत गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कही गेला. वाळूच्या बेटावर एक वादळ राज्य बदलू शकतं, ते असं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही सगळी बेटं मिळून केंद्रशासित प्रदेश झाला, आणि लक्षद्वीप हे नाव १९७३मध्ये आलं.

मिनिकॉय या कुटुंबातलं वेगळं भावंड. इतर बेटांवर मल्याळमची बोली चालते. इथे महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बोली, आणि लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी थाना. तिथले लोक बेटाला मलिकू म्हणतात. कवरत्ती इथून सुमारे २०० किलोमीटर, कोची ४००, आणि मालदीवचं सगळ्यात उत्तरेचं बेट साधारण १३०. वंश आईकडून चालतो. प्रत्येक गावाचा कारभार सामूहिक आहे, पुरुषांचा एक प्रमुख आणि बायकांची एक. नावा, उत्सव, साफसफाई गावच्या नावाने होते. १८६९मध्ये स्वेझ कालवा उघडल्यावर जगाची जहाजं बेटाच्या दक्षिण-उत्तरेच्या आठ आणि नऊ अंश अक्षांशांवरच्या मार्गांवरून जाऊ लागली. सपाट बेट रात्री दिसत नाही, म्हणून १८८५मध्ये इथे जवळपास पन्नास मीटर उंच दीपगृह उभं राहिलं. त्याच जहाजांवर मिनिकॉयचे पुरुष खलाशी म्हणून गेले आणि आजही जातात. बेटावर येणाऱ्या पैशात या पगारांचा, सरकारी नोकऱ्यांचा आणि ट्यूनाचा वाटा मोठा. नारळ त्यांच्या मागे. मार्च २०२४मध्ये आयएनएस जटायू हा नौदल तळ इथे सुरू झाला, तोही याच जलमार्गांमुळे. तळ म्हणजे आणखी माणसं, आणखी उपसा. त्यांचं पाणी भिंगातून न घेता छप्पर आणि समुद्रातूनच यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बुडणार का? लक्षद्वीपमधलंच उदाहरण घ्या. बंगारामजवळचं परळी-१ हे निर्मनुष्य बेट झिजत झिजत पूर्ण नाहीसं झालं. दुसरीकडे पॅसिफिकमधल्या तुवालूची १०१ बेटं १९७१ ते २०१४च्या छायाचित्रांवरून मोजली, तेव्हा समुद्र वाढत असूनही एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. दोन्ही खरं आहे. वाळूचा पुरवठा चालू असेल तर लाटा ती किनाऱ्यावर चढवून बेट सरकवतात, उंचावतात. पुरवठा तुटला तर तोच समुद्र बेट खाऊन टाकतो. पुरवठा तोडण्याचे मार्ग बहुतेक माणसाचेच आहेत : बांधकामासाठी वाळू काढणं, भिंतीत खिंड रुंद करणं, आणि किनाऱ्याला काटकोनात भरीव धक्का बांधणं. भरीव धक्क्याच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूला नेमकी तेवढी तुटते. खांबांवरचा धक्का असेल तर वाळू खालून जाते.

झीज दिसली की लोक मरीन ड्राइव्हसारखे टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चौपायी ठोकळे, मागतात. मुंबईत ते खडकाळ तळावर आणि भरावाला लागून बसलेत. इथे खाली सुटी वाळू असते. मागे परतणारी लाट ठोकळ्यांच्या पायाखालची वाळू ओढते, ठोकळे रुततात, आणि टोकाला, जिथे रांग संपते, तिथे झीज दुप्पट वेगाने सुरू होते. रुग्णालय किंवा वीजघर वाचवायचं असेल तर जाड कापडी थर, लहान दगडांचा थर आणि पायाला खोल खणलेली टाच, हे सगळं करून टेट्रापॉड टाकावेत. बाकी किनाऱ्यावर केवडा आणि पुळणीवरची झुडपं राहू द्यावीत आणि घरं मागे बांधावीत. झुडपं तोडून समुद्र दिसेल असं अंगण केलं की पहिल्या मोठ्या उधाणाला वाळू घरात येते.

आणि पुन्हा पाणी. मार्शल बेटांमधल्या रॉई-नामूरवर केलेल्या २०१८च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की लाटा दरवर्षी बेटावर चढू लागल्या की भिंग सावरायला वेळच उरत नाही, आणि ही वेळ जमीन बुडण्याच्या कितीतरी दशकं आधी येते. एकदा खारं पाणी वरून मुरलं की पावसाने ते धुऊन निघायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक लागतं. डिसेंबर २०१७च्या ओखी वादळासारखं काही आलं तर त्या काळात छपराची टाकी हीच खरी शिदोरी. म्हणून ती घराच्या पायाशी न पुरता चौथऱ्यावर, जमिनीपासून मीटरभर वर ठेवावी.

तुमच्या प्रकल्पासाठी : जायला परवाना लागतो, भारतीय नागरिकालाही, आणि तो आधी काढावा लागतो. जहाजाच्या तारखा हवामानावर बदलतात, तेव्हा परतीला दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. बरोबर विद्युतवाहकता मोजणारा हातातला मीटर आणि मोजपट्टी घ्या. लगूनपासून बाहेरच्या किनाऱ्यापर्यंत एका सरळ रेषेतल्या पाच-सहा विहिरी निवडा, घरच्यांना विचारून. मीटरवरचा आकडा (मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) ०.६५ने गुणला की लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये मिळतात. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. एका विहिरीची पातळी सलग पंचवीस तास, दर तासाला मोजा. ती समुद्राबरोबर वर-खाली होईल, पण उशिरा आणि कमी. तो उशीर किनाऱ्यापासूनच्या अंतराशी मांडला तर जमिनीखालचा खडक किती पोकळ आहे ते कळू लागतं. पंप चालू असलेल्या विहिरीचा आकडा मात्र धरू नका, किमान तीन तास बंद असलेलीच मोजा.

किनाऱ्याचा छेद काढायला दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा आणि मध्ये दोन मीटर दोरी पुरे. मागची काठी जमिनीकडे, पुढची समुद्राकडे उभी धरायची. मागच्या काठीच्या माथ्यावरून पाहताना पुढच्या काठीचा माथा क्षितिजाच्या खाली दिसला, तर मागच्या काठीवर जिथून तो माथा क्षितिजाला टेकलेला दिसतो ती खूण वाचायची, माथ्यापासून तिथवर जेवढं अंतर तेवढा उतार. वाटेत चढ लागला तर पुढचा माथा क्षितिजाच्या वर जातो, तेव्हा क्षितिज पुढच्या काठीला जिथे छेदतं ती खूण घ्यायची. दोन-दोन मीटरने पाण्यापर्यंत जायचं, उधाणाच्या ओहोटीला, आणि सुरुवातीची खूण माडावर नाही तर पक्क्या बांधकामावर करायची, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणालाही तीच रेषा पुन्हा मोजता येईल.